घरच्या घरी कडक सदरा

आपल्या परभणी जिल्ह्यात झेंडावंदनाचे दिवस वर्षातून चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. यातला १७ सप्टेंबर हा खास आपल्या मराठवाड्याचा दिवस. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि आपला मुलूख मोकळा झाला. अशा दिवशी शाळेपुढे गाव जमतो. पेटीतले पांढरे सदरे बाहेर निघतात. कोणाचा सदरा चुरगळलेला असतो, कोणाचा कडक असतो. दोन्ही सदरे एकाच कापडाचे, एकाच दुकानातले. मग फरक कशाचा? फरक खळीचा आणि इस्त्रीचा.

तुम्ही म्हणाल, "हे थाटाचं काम आहे. आम्हा राबणाऱ्या माणसांना त्याचं काय?"

बरोबर आहे. शेतात जाताना कडक सदरा घालूच नये. घामानं तो अंगाला काचतो. पण माणूस नेहमी शेतातच असतो का? तालुक्याच्या कचेरीत जावं लागतं. बँकेत जावं लागतं. पोरीच्या सोयरिकीला जावं लागतं. मुलाच्या शाळेत गुरुजींना भेटावं लागतं. कपडा पाहून माणसाशी बोलणारे लोक जगात आहेत. ही रीत चांगली नाही. माणसाची किंमत कापडावर ठरू नये. पण ही रीत मोडेपर्यंत आपण चुरगळलेल्या कपड्यानं मागं मागं का उभं राहायचं?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. तिथं आलेल्या स्त्रियांशी ते बोलले. स्वच्छ राहा, आणि ज्या नेसण्यावरून लोक तुमची जात ओळखतात ते नेसणं सोडा, असं त्यांनी सांगितलं. बायांनी ते मनावर घेतलं. कपडा म्हणजे नुसतं अंग झाकणं नव्हे. त्यात माणसाचा मानही असतो.

आता दुसरी बाजू पाहा. संत गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला एका परिटाच्या घरी जन्मले. कपडे धुणं हा त्यांच्या घरचा धंदा. पण बाबांनी स्वतः जन्मभर चिंध्यांचा झगा घातला. हातात खराटा घेतला आणि गावंच्या गावं झाडून काढली. त्यांच्या अंगावर कधी कडक कपडा नव्हता. तरी त्यांच्यापुढं मोठमोठ्या माणसांनी मान लववली.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, की आपल्याला वाट सापडते. स्वच्छता पहिली. कडकपणा नंतर. मळक्या सदऱ्याला खळ देणं म्हणजे न सारवलेल्या अंगणात रांगोळी काढणं.

आधी धुणं नीट

आपली जमीन काळी. कापसाला चांगली, कपड्याला वाईट. काळ्या मातीचा चिखल सदऱ्यावर उडाला, तर ओला असताना चोळू नका. चोळला की तो धाग्यात आणखी शिरतो. तो वाळू द्या. वाळला की झटका, ब्रशानं झाडा. उरेल तेवढाच साबणानं धुवा.

दुसरी अडचण पाण्याची. बोअरच्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी साबणाला फेस येत नाही. अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. त्यात जमिनीतले क्षार विरघळलेले असतात. साबण त्या क्षारांशी मिळून चिकट साय धरतो. ती साय कपड्यात बसते आणि पांढरा सदरा करडा दिसू लागतो. यावर उपाय सोपा आहे. बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवून घ्या. मग साबण लावा. पण हा सोडा फक्त सुती पांढऱ्या कपड्याला वापरा. रेशमाला आणि लोकरीला तो चालत नाही.

साबण लावून झाल्यावर सदरा दोन-तीन पाण्यातून खळबळून काढा. यात आळस नको. साबण आत राहिला आणि वरून तापलेली इस्त्री फिरली, की पिवळे डाग उठतात. लोक म्हणतात इस्त्री खराब आहे. इस्त्री बिचारी चांगलीच असते. दोष राहिलेल्या साबणाचा असतो.

पांढरा कपडा जुना झाला की पिवळट पडतो. त्याला शेवटच्या पाण्यात नीळ देतात. निळा रंग पिवळेपणाला झाकतो, म्हणून डोळ्यांना कपडा पांढरा दिसतो. बादलीभर पाण्याला नीळ थेंबानं घाला, धारेनं घालू नका. आधी पाण्यात नीट ढवळा, मगच कपडा बुडवा. नीळ थेट कपड्यावर पडली तर निळे पट्टे उठतात.

खळ म्हणजे काय?

खळीला कोणी कांजी म्हणतात. दोन्ही एकच. तांदूळ, गहू, मका, साबुदाणा यांच्या पोटात एक पांढरी भुकटी असते. तिला पिष्ट म्हणतात. आपण भाकरी, भात खातो तेव्हा मुख्यतः हेच खातो.

पिष्टाची एक गंमत आहे. थंड पाण्यात पीठ टाकलं तर ते विरघळत नाही. थोड्या वेळानं तळाशी बसतं. पण तेच पाणी चुलीवर ठेवा. ६० ते ८० अंशांपर्यंत पाणी तापलं, की पिष्टाचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात. फुगता फुगता फुटतात. पाणी दाट होतं, चकचकीत होतं. पिठलं ढवळताना ते एकदम घट्ट येतं ना? अगदी तसंच. हीच खळ.

खळीत कपडा बुडवला, की ती धाग्याभोवती बसते. कपडा वाळला की तिचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. इस्त्रीनं तो आणखी घट्ट आणि गुळगुळीत होतो. म्हणून कपडा ताठ राहतो.

खळीचा आणखी एक फायदा आहे. धूळ आणि घाम आधी या पापुद्र्यावर बसतात, धाग्यात खोल जात नाहीत. पुढच्या धुण्याला खळ निघून जाते. जाताना मळही घेऊन जाते. म्हणून कॉलरीला आणि कफाला खळ दिली, तर त्या जागा धुवायला सोप्या जातात. सदरा फार घासावा लागत नाही. घासणं कमी, म्हणजे सदऱ्याचं आयुष्य जास्त.

खळीचा उपयोग कपडा विणण्यापूर्वीही होतो. हातमागावर सूत चढवण्याआधी विणकर सुताला खळ लावतात. त्या कामाला पाजणी म्हणतात. पाजणी केली नाही तर माग चालताना सूत तटातट तुटतं. मानवतच्या नाही तर सेलूच्या बाजारात तुम्ही जो कापूस विकता, त्याचं सूत होतं, कापड होतं आणि मग ते सदरा होऊन तुमच्या अंगावर येतं. खळ या प्रवासात सुरुवातीपासून सोबत असते.

एके काळी ही विद्या पैसे मोजून शिकावी लागे. विलायतेत मोठ्या लोकांना गळ्याभोवती चुण्यांची ताठ कॉलर घालायची हौस होती. १५६४ साली एक परदेशी बाई लंडनला आली आणि खळ द्यायचं काम शिकवू लागली. शिकवण्याचे ती चार-पाच पौंड घेई. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. खळ शिजवायची कशी, एवढंच शिकायचं तर त्याचा एक पौंड वेगळा. आपण ती इथं फुकट शिकू.

खळ कशाची करावी?

आपल्या घरात ज्वारी असते. मग ज्वारीच्या पिठाची खळ का नको? ज्वारीच्या पिठात कोंडा असतो. कोंड्याचे ठिपके पांढऱ्या कपड्यावर दिसतात. रंगही मळकट येतो. म्हणून ज्वारी भाकरीलाच ठेवा. खळीसाठी पुढचे पदार्थ चांगले.

भाताची पेज: भात वेळून करत असाल तर पेज फेकू नका. गाळून घ्या. खळ तयार. यात खर्च काहीच नाही. मात्र पेजेत मीठ किंवा तेल पडलेलं नसावं.

साबुदाणा: उपासाच्या साबुदाण्यातले दोन मोठे चमचे बाजूला काढा. अर्धा तास भिजवा. मग लिटरभर पाण्यात दाणे पारदर्शक होऊन विरघळेपर्यंत शिजवा. गाळा. ही खळ स्वच्छ येते.

मैदा, मक्याचं पांढरं पीठ किंवा तवकीर: यातलं जे घरात असेल ते चालतं.

खळ कशी करावी?

मैद्याची खळ कशी करायची ते सांगतो. बाकीच्या पिठांचीही अशीच करायची.

दोन मोठे चमचे मैदा वाटीत घ्या. त्यात अर्धी वाटी थंड पाणी घाला. थंडच. गरम पाणी घातलं तर वरचं पीठ लगेच शिजतं आणि आतलं कोरडं राहतं. त्याच्या गुठळ्या होतात. बोटानं चोळून दुधासारखं एकजीव करा.

पातेल्यात एक लिटर पाणी उकळत ठेवा. उकळी आली की वाटीतलं दूध एका हातानं ओता आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहा. तीन-चार मिनिटं उकळू द्या. पाणी दाट आणि जरा पारदर्शक झालं की उतरवा. पातळ फडक्यातून गाळा. गाळायला विसरू नका. एक गुठळी कपड्यावर राहिली, तर इस्त्रीखाली तिचा चकचकीत डाग होतो.

ही झाली घट्ट खळ. ती आहे तशी फक्त कॉलरीला आणि कफाला वापरा. सदऱ्याच्या बाकी अंगाला एक भाग खळ आणि एक भाग पाणी घ्या. सुती साडीला एक भाग खळीला तीन भाग पाणी पुरे. एवढ्या खळीत चार सदरे सहज होतात.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? दोन बोटं खळीत बुडवा आणि एकमेकांवर घासा. बोटं जरा निसरडी लागली तर बरोबर. चिकट लागली तर पाणी घाला. जास्त खळ म्हणजे जास्त शोभा नव्हे. फार घट्ट खळीनं कापड पापडासारखं होतं. घडीवर मोडतं आणि तिथंच लवकर फाटतं.

खळ द्यायची कशी?

धुतलेला सदरा पिळून ओलसर ठेवा. उलटा करा, म्हणजे आतली बाजू बाहेर काढा. खळ कोमट असावी. आधी कॉलर आणि कफ घट्ट खळीत बुडवून दाबा. मग पाणी घातलेल्या खळीत सगळा सदरा बुडवा. हातानं दाबून दाबून खळ सगळीकडे पोचवा. हलकेच पिळा. जोरात पिळाल तर खळही निघून जाईल आणि सुरकुत्या पडतील. झटकून दोरीवर घाला.

रंगीत सदऱ्याला खळ पातळ द्या. गडद रंगावर घट्ट खळीची पांढरी झाक दिसते.

टेरिकॉट किंवा पॉलिस्टरच्या कपड्याला खळीची फारशी गरज नाही. पॉलिस्टरचा धागा खनिज तेलापासून करतात. तो पाणी पीत नाही. म्हणून खळही त्यावर नीट धरत नाही. खळ खरी शोभते सुती कपड्याला आणि खादीला. आपल्या शेजारी नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. तिथं राष्ट्रध्वजसुद्धा तयार होतात. ज्याच्याकडे तिथली खादी असेल, त्यानं तिला हलकी खळ देऊन पाहावी. जाडीभरडी खादीही डौलदार दिसते.

इस्त्री सुरकुती कशी घालवते?

कापसाच्या धाग्यात अतिशय बारीक तंतू असतात. कोरडे असताना ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. सदरा जसा वाळला, तशी त्यांची पकड बसते. चुरगळून वाळला तर सुरकुतीसकट पकड बसते. पाणी लागलं की ही पकड सैल होते. त्या वेळी वरून वजन ठेवलं तर धागे सरळ होतात. उष्णतेनं पाणी उडून जातं आणि सरळ झालेल्या धाग्यांची पकड पुन्हा बसते.

म्हणजे तीन गोष्टी लागतात. ओल, वजन आणि ऊब. हे कळलं की इस्त्रीचं सगळं मर्म कळलं. पुष्कळ लोक कोरड्या कपड्यावर इस्त्री पुन्हा पुन्हा फिरवतात. सुरकुती जात नाही, म्हणून इस्त्री आणखी तापवतात. शेवटी सदरा जळतो. खरी उणीव असते ओलीची.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. दोरीवर टाकलेला सदरा बघता बघता खडखडीत वाळतो. अशा सदऱ्यावर हातानं पाणी शिंपडा. गुंडाळी करा. ओल सगळीकडे सारखी पसरायला अर्धा तास तशीच ठेवा. मग इस्त्रीला घ्या.

इस्त्री नसेल तर?

ओल, वजन आणि ऊब. या तीन गोष्टी ज्या भांड्यात जमतील, ते भांडं म्हणजे इस्त्री. फार पूर्वी चीनमध्ये दांड्याच्या पातेल्यात निखारे भरून कापड दाबत. आपल्याकडेही जुन्या लोकांनी पितळी तांब्यात निखारे भरून असंच केलं आहे. तांब्याचं बूड घासून लख्ख केलेलं असावं. तांब्या फडक्यानं नाही तर सांडशीनं धरावा. तो सोपा वाटला तरी लेकरांपासून दूर ठेवावा.

त्याहून सोपी युक्ती आहे. सदरा किंचित ओलसर असताना हातानं ओढून सरळ करा. नीट घडी घाला. रात्रभर गादीखाली ठेवा. कडक इस्त्रीसारखा होणार नाही, पण चारचौघांत बसायला चालेल.

कोळशाची इस्त्री

कोळशाची इस्त्री जड असते. तिचं वजनच निम्मं काम करतं. बाभळीचे कोळसे चांगले फुलवून घ्या. धूर पूर्ण थांबला की मग भरा. कपड्याला टेकवण्याआधी बाहेर जाऊन हलकेच झटका, म्हणजे राख उडून जाईल. नाही तर ठिणगी पडते आणि भोक पडतं.

आता नीट ऐका. ही गोष्ट जिवाची आहे. जळत्या कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं की भीती नाही. पण बंद खोलीत तो वायू साठतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून कोळशाची इस्त्री ओसरीत किंवा अंगणातच चालवा. थंडीच्या दिवसांत ऊब मिळते म्हणून उरलेले निखारे घेऊन दार लावून झोपू नका. निखारे विझवूनच आत या.

विजेची इस्त्री

विजेच्या इस्त्रीचा पहिला परवाना अमेरिकेत १८८२ साली नोंदला गेला. आज ती खेड्यापाड्यांत पोचली आहे. वापर सोपा आहे, पण वीज कोणाला ओळखत नाही. म्हणून हे नेम पाळा.

हात कोरडे ठेवा. पायात चप्पल घाला. तीन काट्यांची पिन तीन भोकांच्याच जागी लावा. तिसरा जाड काटा जमिनीचा. इस्त्रीत बिघाड झाला तर वीज त्या वाटेनं जमिनीत जाते, तुमच्या अंगातून जात नाही. तो काटा मोडून टाकणं म्हणजे राखणदाराला घालवून देणं. वायर उसवली असेल, आतली तार दिसत असेल, तर इस्त्री लावूच नका. मध्येच कोणी हाक मारली तर बटण बंद करा, इस्त्री टाचेवर उभी करा, मग जा.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. इस्त्रीवर १००० वॅट लिहिलं असेल, तर ती तासभर सतत तापली की एक युनिट वीज लागते. रोज एक सदरा काढला, तर रोज थंड इस्त्री नव्यानं तापवावी लागते. आठवड्याचे कपडे एकदम काढले तर हे तापवणं एकदाच होतं. बिल कमी येतं.

कॉलरीतली चिठ्ठी वाचा

तुम्हाला आता वाचता येतं. या विद्येचा इथं रोकडा उपयोग आहे. तयार सदऱ्याच्या कॉलरीत किंवा आत शिवणीला एक छोटी पट्टी शिवलेली असते. लोक ती टोचते म्हणून कापून टाकतात. कापण्याआधी वाचा.

तिच्यावर इस्त्रीचं छोटं चित्र असतं. इस्त्रीच्या पोटात टिंबं असतात. एक टिंब म्हणजे इस्त्री कमी तापवा, सुमारे ११० अंश. दोन टिंबं म्हणजे मध्यम, सुमारे १५० अंश. तीन टिंबं म्हणजे कडक, सुमारे २०० अंश. चित्रावर फुली मारलेली असेल तर इस्त्री लावूच नका. हीच टिंबं विजेच्या इस्त्रीच्या चाकावरही असतात. पट्टीवर जितकी टिंबं, तितक्या टिंबांवर चाक आणा. ही खूण जगभर एकच आहे. तिला भाषेची आडकाठी नाही.

चाकावर शब्द असतील तर ते बहुधा इंग्रजी असतात. त्यांचा क्रम ध्यानात ठेवा. नायलॉन सगळ्यात कमी, मग रेशीम, मग लोकर, मग सुती आणि शेवटी जवसाच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन. पॉलिस्टरला कमी ते मध्यम ऊब पुरे. सुती कपड्याच्या उष्णतेवर पॉलिस्टरचा सदरा धरला, तर तो वितळून इस्त्रीला चिकटतो. मग सदराही जातो आणि इस्त्रीही खराब होते. नवा सदरा म्हणजे कष्टाचा पैसा. तो एका क्षणात जातो, तो तीन टिंबं न पाहिल्यामुळं.

सदरा असा काढा

जमिनीवर किंवा बाजेवर फळी टाका. तिच्यावर घोंगडी चौपदरी घाला. गोधडी नको, तिचे टाके कपड्यावर उमटतात. घोंगडीवर स्वच्छ पांढरं फडकं अंथरा. इस्त्री आधी एका चिंधीवर फिरवून पाहा. चिंधी पिवळी पडली तर थांबा, थोडी निवू द्या.

मग या क्रमानं चला. पहिल्यांदा कॉलर. तिची आतली बाजू आधी, बाहेरची नंतर. टोकाकडून मध्याकडे या. मध्याकडून टोकाकडे गेलात तर टोकाशी चुणी जमते. दुसऱ्यांदा खांद्याची पट्टी. तिसऱ्यांदा कफ, गुंडी उघडून. चौथ्यांदा बाह्या. पाचव्यांदा पुढचे दोन भाग. गुंड्यांच्या मधून इस्त्रीचं टोक फिरवा, गुंडीवरून फिरवू नका. प्लॅस्टिकची गुंडी वितळते. शेवटी पाठ.

हा क्रम का? लहान जागा आधी, मोठी जागा नंतर. पाठ आधी काढली तर कॉलर काढेपर्यंत ती पुन्हा चुरगळते.

इस्त्री धाग्याच्या दिशेनं सरळ ओढा. गोल गोल फिरवली तर कापड ताणलं जातं. गडद रंगाचा सदरा उलटा करून काढा, नाही तर चमक येते. झाल्यावर पाच मिनिटं तसाच टांगून ठेवा. राहिलेली वाफ जाऊ द्या. गरम सदऱ्याची लगेच घडी घातली, की नवी सुरकुती पडते.

इस्त्रीच्या बुडाला खळ चिकटून काळी झाली, तर कागदावर मीठ पसरा आणि कोमट इस्त्री त्यावर फिरवा. बूड स्वच्छ होतं. पण विजेच्या इस्त्रीच्या बुडाला काळा लेप असेल, तर मीठ लावू नका. ती बंद करून गार झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसा.

पांढऱ्या सुती सदऱ्यावर फिकट पिवळा डाग पडला, तर लगेच ओला करा, लिंबू चोळा आणि उन्हात ठेवा. पुष्कळदा जातो. डाग तपकिरी झाला असेल तर मात्र धागा जळाला. त्याला उपाय नाही.

ठेवताना

खळ हे अन्नच आहे. आपल्याला गोड लागत नाही, पण कसरीला आणि झुरळाला गोड लागतं. खळीचा कपडा बरेच दिवस पेटीत राहिला, तर कसर लागून भोकं पडतात. पावसाळ्यात दमट हवेनं त्यावर बुरशी येते. म्हणून जो कपडा लगेच घालायचा, त्यालाच खळ द्या. वर्षातून एकदा लागणारा सदरा धुऊन, खळ काढून, खडखडीत वाळवून ठेवा. लागेल तेव्हा आदल्या दिवशी खळ द्या.

हे काम कोणाचं?

पूर्वी गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभर गावाचे कपडे धुवायचा आणि सुगीत धान्याचं बलुतं घ्यायचा. ते दिवस गेले. पण त्याच्या हातातली कला मोठी होती, हे विसरू नये. आजही शहरात इस्त्रीचं दुकान चालवणारा माणूस दिवसभर उभा राहून उष्णता अंगावर घेतो. त्याचा दर द्यायला घासाघीस करू नका. आम्ही घरची रीत सांगितली ती त्याचं पोट मारायला नव्हे. ज्याच्या गावात दुकान नाही, ज्याच्याजवळ रोजचा पैसा नाही, त्याला ती उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

आणखी एक. घरात इस्त्री बाईनंच करायची, असा काही नेम नाही. परीट, धोबी पुरुषच आहेत ना? मग घरचा पुरुष इस्त्री का करणार नाही? सदरा ज्याचा, त्यानं तो काढायला शिकावं. मुलालाही शिकवावं, मुलीलाही शिकवावं. लेकरू लहान असेल तर मात्र तापलेल्या इस्त्रीजवळ त्याला येऊ देऊ नये.

ध्यानात ठेवा

१. आधी स्वच्छता, मग खळ, मग इस्त्री.
२. पीठ थंड पाण्यात कालवा, उकळत्या पाण्यात ओता आणि गाळा.
३. सुरकुती जाते ती ओल, वजन आणि ऊब यांनी. नुसत्या उष्णतेनं नाही.
४. कोळशाची इस्त्री उघड्या जागी. बंद खोलीत निखारे नेऊ नका.
५. सदऱ्याची पट्टी वाचा. टिंबं मोजा.
६. खळीचा कपडा फार दिवस पेटीत ठेवू नका.

करून पाहा

तुमच्या घरातल्या तीन कपड्यांच्या पट्ट्या शोधा. प्रत्येकीवर किती टिंबं आहेत ते वहीत लिहा. मग पुढचा हिशेब करा. एका घरात १००० वॅटची इस्त्री रोज १५ मिनिटं सतत तापते. चार दिवसांत किती युनिट वीज लागेल? उत्तर वहीत मांडा आणि शेजाऱ्याचं उत्तर आपल्याशी ताडून पाहा.